झोपणारे मॉनिटर

शनिवारी दुपारी लॅबचं कुलूप काढून आत पाऊल टाकलं आणि दिसलं, की चौदा नंबरचा मॉनिटर झोपलाय. पडदा काळा, आणि कोपऱ्यातला हिरवा दिवा जाऊन त्या जागी नारिंगी ठिपका उघडझाप करतोय. बाकीचे एकोणीस टक्क जागे होते. त्यांच्या पडद्यांवर एकेक ज्योत सावकाश फिरत होती, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. मी एक चप्पल काढलेली, एक पायात, अशी दारातच उभी राहिले. दुसरी काढायचं सुचलंच नाही. न सुचायचं कारण इतरांना सांगून कळलं नसतं, कारण मॉनिटर झोपला ही चांगलीच गोष्ट होती. तो झोपावा म्हणून तर मी सगळ्यांशी भांडले होते. पण चारच दिवसांपूर्वी, मंगळवारी, खरेदी समितीच्या चार माणसांसमोर मी ठणकावून सांगितलं होतं, की हे मॉनिटर झोपत नाहीत, यांच्यावरचं लेबल खोटं आहे, आणि ज्यानं ते पुरवले त्यानंच ते बाहेरून आणून चिकटवलेलं असणार. ज्यानं पुरवले तो सुहास मोहिते तेव्हा समोरच्या खुर्चीवर बसला होता.

लेबलाचं खूळ माझंच. दोन वर्षांपूर्वी एका मासिकात वाचलं, की स्वीडनमधल्या नोकरदारांच्या संघटनेनं कॉम्प्युटरसाठी नियम केलेत. मॉनिटरमधून बाहेर पडणारे किरण किती असावेत, प्लास्टिकमध्ये काय घालू नये, पारा आणि कॅडमियम कुठे चालणार नाही, आणि कुणी वापरत नसेल तेव्हा यंत्रानं आपणहून झोपी जाऊन वीज किती कमी खावी. हे सगळं पाळणाऱ्या यंत्राला त्यांचं लेबल मिळतं, टीसीओ नव्व्याण्णव. मी रत्नागिरीच्या पोस्टातून स्वीडनला पत्र टाकलं. पत्नी वेडी झाली असं ह्यांना वाटलं असावं, पण दोन महिन्यांनी जाड पाकिटातून पुस्तिका आली आणि मी ती परीक्षेचा अभ्यास करावा तशी खुणा करत वाचली. मला त्यात काय एवढं भावलं? ती नोकरदारांनी केलेली होती हेच. दिवसभर त्या पडद्यासमोर ज्यांना बसायचंय त्यांनी बसून ठरवलं, की आमच्या डोळ्यांपुढे काय ठेवायचं आणि काय नाही. म्हणून २००१ साली कॉलेजला वीस कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं तेव्हा मी मागणीपत्रात अट घातली, की मॉनिटरवर हे लेबल हवं आणि ते काय म्हणतं ते आम्ही मोजून घेऊ. समितीत हशा पिकला. रत्नागिरीत दिवसाला चार वेळा वीज जाते, मॅडम, यंत्रं आपोआपच झोपतात, असं आमचे ग्रंथपाल म्हणाले. मी हसले नाही. आपल्या जिल्ह्यात अशी अट घालून खरेदी करणारे आपण पहिलेच असू, असं मी त्यांना ऐकवलं. खरं खोटं देव जाणे, पण म्हणताना मान ताठ झाली होती हे खरं.

आणि ज्योतीचं खूळही माझंच. यंत्रं आली की आमच्याकडे पूजा होते. कंपासपेटी नवी आली तरी तिला कुंकू लावणारी माणसं आम्ही, वीस कॉम्प्युटरना कसे सोडू. पण तेलाचं निरांजन त्यांच्याजवळ नको असं प्राचार्य म्हणाले, मागे एकदा झेरॉक्स यंत्राच्या पूजेला त्याच्या पोटात तेल सांडलं होतं. तेव्हा मी दोन संध्याकाळ खपून एक प्रोग्राम लिहिला. यंत्राला दहा मिनिटं कुणी हात लावला नाही, की माउसच्या बाणाची ज्योत होते आणि ती आपली आपण पडद्यावर फिरू लागते. पूजेच्या दिवशी दिवे मालवून वीस पडद्यांवर वीस ज्योती फिरल्या तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. माझ्या लॅबमध्ये काम करणारी रसिका तर रडली. तो प्रोग्राम मी तसाच राहू दिला. सकाळी यंत्र सुरू केलं की तो आपोआप चालू व्हायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रसिका सांगायची, आमच्या मॅडमनी केलंय.

आता दारात उभं राहून मला सगळं एका झटक्यात दिसलं. सगळा माल सोमवारी सुहासकडे परत जाणार होता, त्याआधी यंत्रांतलं आपलं जेवढं आहे तेवढं पुसून टाक असं मी रसिकाला सकाळी सांगून गेले होते. तिनं वीसही यंत्रं चालू केली असणार, पंख्याखालचं म्हणून चौदापासून सुरुवात केली असणार, आणि ते एक आटोपून जेवायला गेली असणार. चौदामधून माझी ज्योत गेली होती, म्हणून चौदा झोपला होता. बाकीच्यांमध्ये बाण हलत होता. माउसचा बाण हलतोय म्हणजे माणूस समोर बसलाय, एवढंच यंत्राला कळतं, आणि माणूस बसलेला असताना चांगलं यंत्र झोपेल कसं? ते वीसही मॉनिटर आठवडाभर माझ्या ज्योतीपुढे मुकाट्यानं जागत बसले होते. पंधरा वर्षं मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पहिल्या वर्षाच्या पोराला मी हे विचारलं असतं आणि त्याला आलं नसतं तर त्याचा पाणउतारा केला असता. पण आपलं मूल वर्गात खोड्या काढत असेल ही शंका आईला सगळ्यात शेवटी येते.

मी खुर्ची ओढून चौदासमोर बसले. मंगळवार आठवायचा नव्हता, तरी तोच आला. मोजायला मी एक पाट केला होता, घरातला जुना विजेचा मीटर त्याच्यावर ठोकून. त्याच्यातली चकती, तिच्यावरची काळी खूण, आणि हातात स्टॉपवॉच. मॉनिटर जागा असला की पंचाहत्तर सेकंदांत चकतीचा एक फेरा. झोपला तर लेबलाच्या हिशेबानं त्याच फेऱ्याला वीस मिनिटं तरी लागायला हवीत. मंगळवारी मी चार मॉनिटर जोडून पाहिले आणि चौघांचीही चकती पंचाहत्तर सेकंदांना फिरली. समिती माझ्यामागे उभी राहून बघत होती. खरं सांगायचं तर मला तेव्हा आनंद झाला. अट घातली तेव्हा हसलेली माणसं आता गंभीर झाली होती आणि चकती माझ्या बाजूनं फिरत होती. सुहास शांतपणे म्हणाला, की लेबलं कंपनीतूनच लागून आलीत, खोकी मी तुमच्यासमोर फोडली. ते खरंच होतं. खोक्यांच्या पट्ट्या कापायला कात्री मीच दिली होती. तरीही मी म्हणाले, "आंब्याच्या पेटीवर नाव कुणाचं घालतात आणि आत काय भरतात, ते मला नका सांगू. मी बागायतदाराची मुलगी आहे." कुणीतरी हूं केलं.  सुहासनं टेबलावरचं हेल्मेट उचललं, सोमवारी टेम्पो घेऊन येतो म्हणाला आणि गेला. संस्थेच्या अकराही शाळा-कॉलेजांच्या यादीतून त्याचं नाव काढायचा ठराव दहा मिनिटांत झाला. मारुती मंदिराजवळ वर्षभरापूर्वी त्यानं दुकान टाकलेलं. एवढं मोठं काम पहिलंच होतं, आणि रत्नागिरीसारख्या गावात असा ठराव संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतो.

ठराव इतक्या चटकन कसा झाला हेही मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. तीन वर्षांपूर्वी आमच्यातल्याच एका दुकानदारानं आम्हांला चालू झाल्यावर धूर सोडणारे स्टॅबिलायझर दिले होते. त्याला आम्ही चार पत्रं लिहिली होती, चहा पाजला होता. सुहासच्या वेळी कुणी दुसरं पत्र सुद्धा सुचवलं नाही. त्याच्या घरात बुद्धाचा फोटो आहे हे कुणी बोललं नाही, बोलायची गरजच पडली नाही. हे शिंतोडे दुसऱ्यांवर उडवून मला सुटता येणार नव्हतं, कारण बोलले मी होते.

आणि पेटीचं मी बोलावं, ते त्याच्यासमोर. पालीजवळ आमची बाग आहे. पेटीवर आप्पांच्या नावाचा छाप असायचा, माझ्या वडिलांच्या, श्रीपती असा. कुळकर्णी वगैरे काही नाही, नुसतं श्रीपती, पाली. वाशीच्या बाजारात तेवढं पुरायचं. आजूबाजूला घाटावरून आणलेला आंबा रातोरात रत्नागिरीचा होत असे, ज्याला त्याला ठाऊक होतं, पण आप्पांनी बाहेरचं एक फळ पेटीत घेतलं नाही. एका वर्षी थ्रिप्सच्या किडीनं मोहोर खाल्ला तेव्हा त्यांनी दलालाला कार्ड टाकलं, यंदा पेटी नाही. त्या कार्डाचा मला आजही अभिमान आहे, कधी कधी वाटतं तेवढ्यावरच मी जगतेय. पण पेट्या आप्पा भरत नसत. पेट्या भरायचा काशीराम, सुहासचा बाप. गवत पसरून, फळाला देठाकडून हात न लावता, एकेक आंबा तो कानाशी धरल्यासारखा बघायचा. मी बाराएक वर्षांची असेन. आप्पांनी स्वतः निवडून दिलेला एक आंबा त्यानं बाजूला काढून ठेवला. आप्पा म्हणाले, अरे चांगला आहे तो. काशीराम मान वर न करता म्हणाला, "ह्यो जायाचा न्हाय पेटीत. वर नाव तुमचं हाय." आप्पांनी तो पेटीबाहेरच राहू दिला. पुढे आयुष्यभर ही गोष्ट त्यांनी येईल त्याला सांगितली, आणि सांगताना दर वेळी त्यांची छाती फुगायची, काशीरामच्या नव्हे तर श्रीपतीच्या नावानं. माझी पण तशीच फुगत आली. ज्याच्या हातानं आमचं नाव खरं राहिलं त्याच्या मुलाला मी पेटीत काय भरतात ते ऐकवलं होतं.

रसिका जेवून आली. मी तिला काही न सांगता सहा नंबरमधली ज्योत पुसायला लावली. आम्ही दोघी हात मांडीवर ठेवून बसलो. पंधरा मिनिटांनी सहा झोपला. रसिका हळूच म्हणाली, मॅडम, बाहेर कुणाला कशाला कळायला हवं. बिचारी माझ्या बाजूचीच होती. तिच्या तोंडून ते ऐकलं आणि मला माझा राग आला, कारण गेली अर्धी घटका मी मनातल्या मनात तेच वाक्य घोळवत होते.

रविवारी सकाळी मी प्राचार्यांना फोन केला. ते वाईट गृहस्थ नाहीत, कटकट नको एवढीच त्यांची इच्छा असते. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, की यात एवढं जिवाला लावून घेण्यासारखं काही नाही. लिहून टाका, पुरवठादाराने दोष दूर केला, सबब माल स्वीकारला. तुमचंही राहिलं, त्याचंही राहिलं. फोन ठेवल्यावर मी ते वाक्य कागदावर लिहून पाहिलं. फार सोयीचं वाक्य होतं. सुहासचे वीसही मॉनिटर ठेवून घेतले जाणार होते, ठराव मागे घेतला जाणार होता, आणि तरीही दोष त्याचाच राहणार होता. कुणी म्हटलं असतं, बघा, धरलं म्हणून सुधारला. मी भात लावला, खाली उतरून तुळशीला पाणी घातलं, पुन्हा वर आले. लॅबच्या दारावरची माझ्या नावाची पाटी, अध्यक्षांच्या तोंडचं माझं कौतुक, पोरांवरचा माझा धाक, हे सगळं मला दिसत होतं आणि त्यातलं काहीच सोडवत नव्हतं. मी गर्विष्ठ आहे, हे मला लहानपणापासून सांगण्यात आलंय. त्या दिवशी एवढंच ठरवायचं होतं, की गर्व कशाचा करायचा. आपण कधी चुकत नाही याचा करायचा, तर सोमवारी ते सोयीचं वाक्य लिहावं लागणार होतं. मोजून घेतो याचा करायचा, तर मग आपलीही चूक मोजून द्यायला हवी. दुपारी तीनच्या सुमाराला मी कागद फाडला आणि मला चक्क भूक लागली.

सोमवारी अकराला सुहास आला. टेम्पो खाली उभा होता. लॅबमध्ये प्राचार्य, ग्रंथपाल, बाकीचे दोघे, सगळ्यांना मी मुद्दाम बोलावून ठेवलं होतं. जे चौघांसमोर बोलले ते चौघांसमोरच परत घ्यायचं होतं. मी उभी राहून सांगितलं, की मॉनिटर झोपतात, त्यांना माझ्याच प्रोग्रामनं जागं ठेवलं होतं, लेबलाचा काही दोष नाही. मग सुहासकडे वळले. "मंगळवारी मी बोलले ते चुकीचं होतं. लेबलाचं, आणि पेटीचंही."

तो खिडकीबाहेर बघत होता. "पेटीचं मी बाबांना सांगितलं नाही," तो म्हणाला.

प्राचार्यांनी घाईनं ते सोयीचं वाक्य पुढे केलं, झालं गेलं विसरा म्हणाले, चहा सांगितला. सुहासनंही मान डोलावली, त्याला बहुधा तेवढं पुरत होतं, की आजवर तेवढंच मिळत आलं होतं म्हणून पुरवून घेत होता. मी म्हटलं, असं मी लिहिणार नाही. मालात दोष नव्हता, चूक तपासणाऱ्याची, असं लिहीन. तेव्हा पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाटावरच्या मीटरकडे पाहिलं. "लिहायच्या आधी मोजा," तो म्हणाला. "दोन झोपलेले दिसले म्हणून वीस बरोबर, हे पण नको. वीसच्या वीस मोजा, माझ्यासमोर." प्राचार्यांचा चहा तसाच राहिला.

मोजायला सव्वाचार वाजले. रसिका ज्योत पुसायची, झोपायची वेळ एका मिनिटावर आणायची, सुहास मॉनिटरची वायर पाटावर जोडायचा, मी चकतीकडे बघायचे. पूर्ण फेऱ्याला वेळ नव्हता, अर्धा फेरा मोजत होतो, आणि अर्ध्या फेऱ्याला दहा मिनिटांच्या वर लागत होती. एरवी फिरताना सहज दिसणारी ती चकती इतकी मंद सरकायची की डोळा लावून बसावं तर थांबलेलीच वाटे, आणि जरा दुसरीकडे पाहून पाहावं तर खूण केसभर पुढे. समितीची माणसं एकेक करून उठून गेली.  एकदा सुहासनं विचारलं, की हे लेबल काढणारी माणसं कोण. मी सांगितलं, पडद्यासमोर बसून काम करणारी साधी नोकरदार माणसं. तो म्हणाला, म्हणजे वापरणाऱ्यांनीच ठरवलं. हो म्हटलं. बरं केलं त्यांनी, तो म्हणाला. इतक्या महिन्यांत ही गोष्ट मला जशी कळली होती तशी कळलेला तो पहिलाच माणूस होता. सोळा झाले तेव्हा मला मोकळं वाटू लागलं होतं. सगळे मॉनिटर चांगले निघत होते आणि माझ्या हातचं काम होत होतं.

सतरा नंबर झोपला. पडदा काळा, नारिंगी ठिपका, सगळं बाकीच्यांसारखं. पण चकती दिसत होती. डोळ्यांना दिसेल अशी फिरत होती. पहिला फेरा साडेतीन मिनिटांत संपला. मी वायर काढून पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा साडेतीन. तोच मॉनिटर दुसऱ्या यंत्राला जोडून पाहिला, तेच. रसिका माझ्याकडे बघू लागली. वरून पडदा मिटलेला आणि आतून वीज चाललेली, नुसतं बघून कुणाला कधी कळलं नसतं. मला कळलं होतं, आणि मला ते नको होतं. आजच्या दिवशी नको होतं. या माणसाला मंगळवारी मी खोटा ठरवला होता, आज त्याला वीसपैकी वीस द्यायचे होते मला. ती भेट द्यायची माझी फार इच्छा होती. स्टॉपवॉच हातात होतं आणि आकडा फक्त मला दिसत होता.

"किती?" सुहासनं विचारलं.

मी सांगितलं. त्यानं स्वतः वाकून एक फेरा पाहिला, ओठ हलवत सेकंद मोजले. मग सरळ झाला. "हा गेला," तो म्हणाला. उरलेले तीन आम्ही मोजले, ते चांगले निघाले.

मी कागद घेऊन बसले. प्राचार्य तेवढ्यात परत आले होते, मागे उभं राहून वाचत होते. एक काय, बदलून देतील ते, कागदावर कशाला, असं त्यांनी हलकेच सुचवलं. मी सुहासकडे पाहिलं. "लिहा, मॅडम," तो म्हणाला. "तो पण लिहा." मी लिहिलं. वीस मॉनिटर मोजले. एकोणीस लेबलाप्रमाणे आहेत. मंगळवारच्या तपासणीत चूक माझी होती, पुरवठादाराचा दोष नव्हता, सबब त्याच्याविरुद्धचा ठराव मागे घ्यावा. सतरा नंबर अटीत बसत नाही, परत. खाली सही केली, तारीख घातली.  आजवर केलेल्या सगळ्या सह्यांमध्ये ती सही मला जास्त आवडली, हे लिहायला आज संकोच वाटत नाही. सुहासनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "आता कुणी वाचलं तर खरं वाटेल." कॉलेजचा शिक्का मारलेली एक प्रत त्यानं मागून घेतली. घडी करून खिशात ठेवताना, बाबांना दाखवतो एवढंच म्हणाला.

सतरा नंबर त्यानं स्वतः उचलला. आमचा शिपाई महिपत हात लावायला पुढे झाला तर नको म्हणाला. तो जुन्या पद्धतीचा, पाठीला कुबड असलेला जड मॉनिटर, छातीशी धरून तो जिन्याकडे चालू लागला. मी दार धरायला मागोमाग गेले. सुटायची वेळ झालेली, व्हरांड्यात स्टाफरूममधली मंडळी उभी होती, खालचा टेम्पोही त्यांनी पाहिला असणार. ग्रंथपालांनी विचारलं, काय, चालले का सगळे परत? मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सुहास वळला, ओझं तसंच छातीशी ठेवून सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "नाही. एकच. आम्ही दोघांनी मोजून काढलाय." मग एकेक पायरी बघत तो खाली उतरला.